बोटीची गिअर केबल सोलापुरात बनवून घ्यावी का?

मालक, तुमची शिडाची बोट मुंबईत खाऱ्या पाण्यात, तुम्ही सोलापुरात. पेडेस्टलवरचा, म्हणजे सुकाणूचं चाक बसवलेल्या खांबावरचा, गिअरचा दांडा जड झालाय, म्हणून जुनी केबल इथं आणून तशीच बनवून घ्यायची म्हणताय.

आधी केबल काढूच नका. फक्त इंजिनाकडचं टोक गिअरबॉक्सच्या लिव्हरवरून सोडवा आणि वरचा दांडा हलवून बघा. हलका झाला तर दोष गिअरबॉक्सकडं, नवी केबल घालून काही होणार नाही. तसाच जड राहिला तर वरचीही पिन काढा. दांडा मोकळा फिरला की केबल खराब, नाही फिरला तर दांड्याचा आसच जाम झालाय. ॲल्युमिनियमच्या खांबात स्टीलचा आस असला की खाऱ्या हवेत हे होतंच.

केबलच निघाली तर टू-व्हीलरच्या केबलवाल्याकडं जाऊ नका. ती केबल नुसती ओढते, बोटीची ढकलतेही. जेसीबी, ऊसतोडणी हार्वेस्टरच्या स्पेअरवाल्यांकडं पुश-पुल केबल मिळेल, आणि उजनीच्या गोड्या पाण्यातल्या बोटीला मी ती बिनधास्त लावेन. समुद्रात नको. टोकाची दांडी स्टेनलेसची नसेल तर गंज तिथूनच आत शिरतो. बोटींना बहुतेक ३३-सी जातीची केबल असते. जुनीच्या आवरणावर छापलेलं असतं, ते वाचा. लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, फुटाच्या मापात मिळते.

आता नटाचं. ३३-सीच्या टोकाला १०-३२ आटे (१० नंबरचं इंची माप, इंचाला ३२ आटे) असतात, व्यास ४.८३ मिमी. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला ५ मिमीचा नट त्यावर हातानं सर्रकन चढतो, कारण दोन्हींच्या आट्यांचं अंतर जवळपास सारखंच. बसला असं वाटतं, पण तो ढिलाच असतो राव, आणि धक्क्याला लागताना रिव्हर्स मारायच्या वेळी आटे सोडून देतो. जुने नट डबीत जपून ठेवा.

केबल काढताना खांबावरचा कंपास उचलायच्या आधी त्याची दिशा खुणेनं आखून ठेवा, त्याच्या दिव्याची वायर ताणू नका. खांबाच्या तोंडात लगेच चिंधी कोंबा, नाहीतर स्प्लिट पिन (टोकं फाकवून अडकवायची बारीक पिन) खाली गेली की गेलीच. जुन्या केबलच्या टोकाला बारीक दोरी घट्ट बांधून मगच ती खालून ओढा. त्याच दोरीनं नवी वर येते. गिअरची बदलताय तर रेसचीही बदला, एकाच वयाच्या आहेत. वळण ८ इंच त्रिज्येपेक्षा तंग नको. सगळं बसल्यावर चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टॉर्चनं बघा: सुकाणूची चेन किंवा वायर केबलला कुठं घासत नाही ना. घासली तर सुकाणूच अडकू शकतं.

खरी मेहनत जुळवणीत आहे. न्यूट्रलला केबल आणि गिअरबॉक्सची लिव्हर काटकोनात हवी, आणि पुढं-मागं दोन्हीकडं लिव्हर पूर्ण गेली पाहिजे. अर्धवट गेली तर क्लच घसरत राहतो आणि जळतो. बोट चालते, म्हणून लवकर कळतही नाही. रेसचा दांडा पूर्ण मागं घेतल्यावर इंजिनावरची लिव्हर आयडलच्या स्टॉपला टेकायला हवी, पूर्ण पुढं नेल्यावर दुसऱ्या स्टॉपला. चेकनट आवळा, स्प्लिट पिना नव्या घाला आणि पहिली चाचणी बोट धक्क्याला चारही दोरांनी बांधूनच घ्या.