नाणं पोटात गेलंय, काढायचं की वाट बघायची?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या 3 वर्षांच्या लेकरानं परवा एक रुपयाचं नाणं गिळलं. एक्सरेत नाणं जठरात दिसलं तर डॉक्टर म्हणाले घरी जा, शी बघत राहा. जावेच्या पोराचं मात्र नांदेडला त्याच दिवशी दुर्बिणीनं काढलं होतं, मंग आमचंच कामून नाही काढलं? सासूबाई तर रोज केळी चारायल्यात.
— एक आई, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय. जावेच्या पोराचं नाणं बहुतेक अन्ननलिकेतच अडकलं असेल, तिथं लाळ गळते, घास उतरत नाही, म्हणून ते फार तर 24 तासांत काढावंच लागतं. भूल देऊन तोंडातून लवचिक नळी आत घालतात, टोकाला कॅमेरा, बारीक चिमटा नाहीतर जाळी, नाणं धरायचं आणि बाहेर. टाका नाही, चिरणं नाही. पण जठरात उतरलेलं नाणं बहुतेक लेकरांत आपोआप पडतं, कधी दोन-तीन दिवसांत, कधी दोन आठवडेही लागतात, मग उगाच भूल कशाला द्यायची? पोट दुखलं, उलट्या झाल्या, शी काळी किंवा रक्ताची झाली तर मात्र थांबू नका. तीन-चार आठवड्यांनीही नाही पडलं तर परत एक्सरे.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. गिळलं ते नाणंच होतं हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? रिमोटमधला चपटा गोल सेल एक्सरेत नाण्यासारखाच दिसतो, फक्त नीट बघितलं तर कडेला दुहेरी रेघ असते, तेवढं डॉक्टरांना परत विचारून घ्या. सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून करंट वाहतो, तिथं कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा पदार्थ तयार होतो आणि दोन तासांतही आतली कातडी भाजते. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन. लेकरू वर्षाच्या वर असेल, गिळता येत असेल तर वाटेत दर 10 मिनिटांनी दोन चमचे मध द्या, पण मधासाठी गाडी थांबवू नका. खेळण्यातली दोन लोहचुंबकं गिळली तरी तीच घाई, आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटतात अन् भोक पाडतात.

आणि सासूबाईंना सांगा, लेकराला आवडतंय तर केळं खाऊ द्या, पण केळ्यानं नाणं ढकललं जात नाही. उलटी तर अजिबात करवू नका.