गांजाच्या सुगंधावर काम करायला कॅनडात यावं का?

राहुरीहून वनस्पती पैदास विषयात एम.एस्सी. झाल्यावर कॅनडात गांजाच्या वाणांवर, त्यातही सुगंधावर काम करायला यावं का, असं तू विचारलंस. व्हिसा आणि स्थलांतराच्या पॉइंटचं सरकारी साइटवर वाच.

काम सुंदर आहे. इथे 17 ऑक्टोबर 2018 ला गांजा कायदेशीर झाला आणि लपूनछपून वाढवलेल्या या पिकावर उघडपणे पैदासशास्त्र सुरू झालं. आईबाप शुद्ध वाणाचे नसल्यामुळे एकाच संकरातल्या रोपांचे वास निरनिराळे. फुलावरची चिकट रोमं बोटाने चोळली की एका रोपाला संत्र्याच्या सालीचा वास (लिमोनीन), शेजारच्याला काळ्या मिरीचा (कॅरिओफिलीन), तिसऱ्याला धण्याचा (लिनालूल). आपलं नाक मसाल्याच्या डब्यावर तयार झालेलं, त्यामुळे तू यात रमशील. पण निवड नुसत्या नाकावर होत नाही. वाळवताना लिमोनीन, मिरसीन अशी हलकी टर्पीनं (वास देणारी द्रव्यं) आधी उडतात, जड कॅरिओफिलीन जास्त टिकतं. ओल्या फुलाला भुलून निवडलेलं झाड वाळल्यावर भलतंच निघतं. म्हणून वाळलेल्या फुलातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीचा आलेख बघायचा, मनासारखं झाड कटिंगवर राखायचं. पुढच्या संकरासाठी मादी झाडावर सिल्व्हर थायोसल्फेट हे रसायन फवारून त्यावरच नरफुलं आणायची, म्हणजे बी जवळजवळ सगळं मादीच निघतं.

कागदपत्रांनी मात्र जीव काढला. काही पदांना सुरक्षा मंजुरी लागते: बोटांचे ठसे, जुने पत्ते, सगळं. माझ्या विद्यापीठाने गुणपत्रकाचं सीलबंद पाकीट पाठवायला इतके महिने लावले की हातातली नोकरी गेली. तू निघण्याआधीच स्वतः खेटे घालून ते पाठवून घे.

आणि मुलीची शाळा. तिचं जॅकेट माझ्या कोटाशेजारी टांगलेलं असायचं. वर्गात वास आला म्हणून शाळेने मला बोलावून घेतलं, कपडे वेगळे ठेवा म्हणून सुनावलं. मी काय काम करते, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. तो उग्र भपका मुख्यतः टर्पीनचा नसतो, गंधकाच्या थायॉल संयुगांचा असतो, अगदी सूक्ष्म प्रमाणातला. हे मी तिथे सांगू शकले असते, पण मुलगी मान खाली घालून शेजारी बसली होती. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

एकटेपणाचं म्हणशील, तर होते सवय. घरच्यांचं अवघड आहे. आमच्या अण्णांच्या लेखी गांजा म्हणजे बैराग्याची चिलीम, आणि तिकडे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आहेच. त्यांना मी 'ग्रीनहाऊसमध्ये फुलांचं काम' एवढंच सांगितलंय. ते खोटं नाही, पण आज कुठला संकर छान जमला हे त्यांना फोनवर सांगावंसं वाटतं, तेव्हा मी हवापाण्याचं बोलते. तुझ्या घरी हे कोण आणि कसं सांगणार, ते तिकीट काढण्याआधी ठरव. आणि गॅस क्रोमॅटोग्राफ स्वतःच्या हाताने चालवायला तिथेच शीक, मुलाखतीत त्याबद्दल विचारतातच.