वाचकांचे प्रश्न: चर्चमधले आकडे आणि हातबंब

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका खेड्यात जुन्या चर्चच्या भिंतीवर लांब दांड्यांचे लोखंडी आकडे टांगलेले होते. मनोऱ्याखाली चाकांवरची लाकडी पेटी होती, तिला दोन्ही अंगांना आडव्या दांड्या. हे आग विझवायचे सामान असल्याचे कळले. आकड्याने आग कशी विझेल? आणि हे चर्चमध्ये का?

उत्तर: आकडा आग विझवायला नव्हे, तोडायला. गवती छपरावर पाणी टिकतच नाही, ते त्यासाठीच शाकारलेले असते. वरून पाणी मारले तर निथळून जाते आणि आत गवत धुमसत राहते. म्हणून आकडा आढ्याजवळ रुतवून पेटलेले गवत खाली ओढत. त्याहून उपयोगाचे म्हणजे वारा ज्या दिशेने आग नेतो आहे तिकडचे छप्पर आधीच उतरवून मध्ये रिकामा पट्टा पाडणे. दांड्याला कडी असेल तर ती दोरासाठी. वासे-तुळया खेचायला दोराला माणसे किंवा घोडे जुंपत.

चर्च ही गावातली भक्कम, सर्वांना ठाऊक असलेली जागा, आणि धोक्याची घंटाही तिथेच.

पेटी म्हणजे हातबंब. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने १७२१ आणि १७२५ मध्ये अशा बंबांची पेटंटे घेतली आणि हा नमुना दूरवर पसरला. आत दोन नळकांडी असतात: एक दट्ट्या खाली जाताना दुसरा वर येतो. दोन्हींचे पाणी हवेच्या बंद भांड्यात शिरते, तिथली हवा दाबली जाते आणि धार धक्के न खाता सलग निघते.

खरी अडचण पाणी पुरवण्याची. मिनिटाला १२० लिटर फेकायचे आणि बादलीत ८ लिटर मावत असतील, तर मिनिटाला १५ बादल्या, म्हणजे दर ४ सेकंदांना एक ओतावी लागते. त्यासाठी माणसांच्या दोन रांगा हव्यात: एकीतून भरलेल्या येतात, दुसरीतून रिकाम्या जातात. एकाच रांगेत दोन्ही केले की खोळंबा ठरलेला.

दुसरा शत्रू म्हणजे न वापरणे. दट्ट्याचे कातडी वायसर सुकून आक्रसतात, पेटीच्या फळ्यांना फटी पडतात, चामडी नळीला घडीवर चिरा जातात. चरबी चोळणे आणि अधूनमधून पाणी भरून बंब चालवून पाहणे, एवढाच उपाय. गावोगाव टाळाटाळ व्हायची ती नेमकी यातच. झडपेखाली एक खडा अडकला तरी धार मरते, म्हणून पेटीवर भोकांचा पत्रा असे.

प्रश्न: खर्च कोण करी?

उत्तर: लंडनच्या पॅरिशना (एकेका चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराच्या घटकांना) बंब ठेवण्याची सक्ती १७०८ च्या सुमारास झाली. खेड्यांत मात्र बहुधा वर्गणी किंवा एखाद्या जमीनदाराची मर्जी. १८३३ च्या कायद्याने इच्छुक पॅरिशना कर बसवून बंब घेण्याची मुभा मिळाली. मुभाच, सक्ती १९३८ च्या कायद्याने आली. १९४१ मध्ये युद्धामुळे सगळी अग्निशमन दले राष्ट्रीय अग्निशमन सेवेत विलीन झाली आणि १९४८ मध्ये काउंटी व मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे गेली.