कॉमिक्समधला सस्पेन्स सिनेमापेक्षा वेगळा कसा?

सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या हातात, शिवाय पार्श्वसंगीत मदतीला. कॉमिक्समध्ये वेग वाचक ठरवतो, आणि खरी पंचाईत म्हणजे समोरासमोरची दोन्ही पानं एका नजरेत दिसतात. खुनी शेजारच्याच पानावर दिसला की संपलं! म्हणून धक्का पान उलटल्यावर ठेवतात: उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत किलकिलं दार, आत कोण ते पुढे. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून वाचतात, तिथे ही जागा डाव्या पानाच्या तळाशी येते. चित्रकार एर्जेचा कॉमिक्स-नायक टिनटिन १९२९ पासून बेल्जियममधल्या एका साप्ताहिक पुरवणीत थोडीथोडी पानं यायचा, त्यामुळे नायकाला संकटात लटकवून आठवडाभर थांबवणं आलंच. मोबाइलवर खाली सरकवत वाचायच्या कॉमिक्सला, म्हणजे वेबटूनला, पानच नाही. तिथे दोन चौकटींमधली रिकामी जागा लांबवतात. मला मात्र कागदच जास्त छळतो.