भरली वांगी आणि वेगळं पातेलं

"ह्यांना शुगर निघाल्यापासून भरली वांगी बंदच केलीत. मसाल्यात दाणे, खोबरं, गूळ, सगळंच वाईट ना?"

काकू विचारत होत्या, काका खिडकीबाहेर बघत होते. सहा महिने त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात बेचव भाजी शिजत होती. ती निमूट गिळायची आणि रात्री बिस्किटांचा पुडा फोडायचा, हे काकांनी त्याच भेटीत कबूल केलं. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मधुमेह झाला की भरली भाजी सुटलीच, असं बरेच जण धरून चालतात. वांग्यात कर्बोदकं कमीच, 100 ग्रॅमला साधारण 6 ग्रॅम. दाणे, तीळ, खोबरं यांनीही साखर झपाट्याने वाढत नाही. कूट ओंजळीने घातलं तर वजन वाढेल, ती गोष्ट वेगळी.

मी काकूंना कृती सांगायला लावली, तेव्हा चोर सापडला. सहा वांग्यांना लिंबाएवढा गूळ, रश्श्यात दोन बटाटे आणि तवंग येईपर्यंत तेल. "पण गूळ म्हणजे साखर नव्हे ना?" रक्तात गेल्यावर दोघांत फारसा फरक राहत नाही, काकू.

गूळ नुसता काढला तर भाजी आंबट होते, म्हणून चिंचही निम्मी केली. कांदा खरपूस परतला की त्याचा अंगचा गोडवा उतरतो. कूट कमी करून भाजलेले तीळ आणि भरपूर कोथिंबीर घातली. तेल मोजून दोन चमचे, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचं. बटाट्यांना रजा.

मग जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजायला सांगितली. नंतरचा आकडा 180 च्या आत हवा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतं. पहिल्या दिवशी 212 आला. काकू फोनवर रडवेल्या. पानात काय होतं ते विचारलं: वांगी, तीन पोळ्या आणि वर भात! पुढच्या वेळी वांगी तेवढीच, पोळ्या दोन, भात नाही, सोबत काकडी. आकडा 166. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायच्या नाहीत, हे मी दोनदा बजावलं, कारण आकडा उतरला की पहिला मोह तोच होतो.

पुढच्या भेटीला काका स्वतःहून बोलले. चिंच अजून जरा कमी हवी होती म्हणाले.

"मग पुढच्या वेळी तुम्हीच करा की," काकू म्हणाल्या.