बटण तेच, गाडी वेगळी: यात फसवणूक कुठं आहे?

नवी गाडी घेऊन तुम्ही निपाणीला पाव्हण्यांकडं गेलात, त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसलात, तर काच वर-खाली करायचं बटण, छतातला दिवा, एसीची जाळी सगळं ओळखीचं. मग आपण जादा पैसे कशाचे मोजले, असं तुम्ही विचारताय. माझी २६ वर्षं बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत गेली, आधी फाउंड्रीच्या म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतीव नगांचे नमुने बनतात तिथं), मग प्लास्टिकच्या साच्यांच्या टूलरूममध्ये. त्या जोरावर सांगतो, तुम्हाला कुणी फसवलेलं नाही.

काही गाड्या मुळातच भावंडं असतात. २०१९ ला आलेली टोयोटा ग्लान्झा ही मुळात मारुती बलेनोच, बदलले ते मुख्यतः बिल्ले. क्रेटा-सेल्टॉस, कुशाक-टायगुन एकेका घरातल्याच. तिथं सारखेपणा असणारच, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा प्रश्न एकमेकांशी नातं नसलेल्या कंपन्यांचा. गाडीची कंपनी पत्रा दाबते, बॉडी जोडते, रंग देते. बटणं, वायरिंग, सीटबेल्ट, एअरबॅग हे बहुतेक बाहेरून येतं, आणि ते बनवणारे मोजकेच. आपल्या फाउंड्रीतच बघा की. भट्टी एक, वाळू एक, माणसं तीच. पण रॅकवर दहा गिऱ्हाइकांचे पॅटर्न नावानिशी ठेवलेले. एकाच्या पॅटर्नवर दुसऱ्याचं कास्टिंग ओतलं तर दुसऱ्या दिवशी काम बंद. प्लास्टिकचंही तसंच. साच्याचे पैसे सहसा गाडीची कंपनी भरते, म्हणून साचा तिच्या मालकीचा. त्यामुळं होतं काय, की आतली यंत्रणा, म्हणजे स्प्रिंग, तांब्याची पट्टी, रॉकर, पुरवठादाराची स्वतःची असते आणि ती सगळ्यांना जाते. वरची टोपी ज्याच्या त्याच्या साच्यातली. दाबल्यावर तोच 'टक्' ऐकू येतो तो म्हणूनच.

आता पैशाचं. समजा साच्याला ४० लाख लागले. २० हजार नग काढले तर नगामागं २०० रुपये नुसत्या साच्याचे. ४ लाख काढले तर १० रुपये. त्यावर चाचण्या: हजारो वेळा दाबून बघायचं, उन्हात तापवायचं, धुळीत ठेवायचं. हा खर्च एकट्यानं कोण उचलेल? टेस्लानं २०१२ ला मॉडेल एस आणली तेव्हा काचेची बटणं आणि स्टिअरिंगमागच्या दांड्या मर्सिडीजच्याच घेतल्या होत्या. नव्या कंपनीनं तिथं डोकं आणि पैसा घालण्यापेक्षा बॅटरीत घातला, आणि बरोबरच केलं.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती गंभीर आहे. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट ओल-उष्णतेनं खराब होऊन इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणारे डबे, फुटायचे, धातूचे तुकडे माणसांना लागायचे. माल एकाचा, पण गाड्या परत बोलवाव्या लागल्या होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू, फोर्ड अशा कितीतरी जणांना. टकाटानं २०१७ ला दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून रिकॉलचा मेसेज आला तर टाळू नका, गाडी कुठल्याही कंपनीची असो.

खात्री करायची असेल तर एखादी सुटी झालेली ट्रिम, म्हणजे आतली प्लास्टिकची पट्टी, उलटी करून बघा. मागं रुपयापेक्षा लहान गोल दिसेल, कडेनं १ ते १२ आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन अंक. तो तुकडा साच्यातून कुठल्या महिन्यात निघाला ते बाण सांगतो. शेजारी पीपी-टीडी२० असं लिहिलेलं असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. पुरवठादाराची खूणही बऱ्याचदा तिथंच असते. माझ्या हातून असले शेकडो गोल कोरले गेलेत; अजून कुठल्याही गाडीत बसलो की बोट आधी कडेखाली जातं.

जादा पैसे कशाला गेले, तर जोडणीतल्या फटी सारख्या आहेत का, खडखडाट किती दाबलाय, स्टील कुठलं, सस्पेन्शन कसं बसवलंय, याला. बटणावरून गाडी जोखू नका. खानापूरच्या घाटरस्त्यावर पावसात चालवून बघा, मग कळेल.

एक मात्र ध्यानात ठेवा. दिसायला सारखं म्हणून दुसऱ्या गाडीचं बटण आणून बसवू नका. मी केलंय. जुन्या बाजारातून काचेचं बटण आणलं, खाचेत चपखल बसलं, कनेक्टरही गेला. पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा होता. चावी फिरवली आणि फ्यूज उडाला. तेव्हापासून जुनं बटण काढून मागचा पार्ट नंबर आधी वहीत उतरवतो, आणि तोच नंबर दुकानदाराला दाखवतो.