लातूरहून दुबईला नोकरीला जाताना जुनं बचत खातंच चालेल का?

नाही. नोकरीसाठी देश सोडला की फेमा (परकीय चलन) कायद्यानुसार ते खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या कमाईचं खातं, करून घ्यावं लागतं. सोयाबीनची पट्टी, घरभाडं असे इथले पैसे त्यातच जमा करा. त्याच्या व्याजावर मात्र 30 टक्के टीडीएस आणि वर उपकर कापतात, म्हणून पगार त्यात पाठवू नका. पगारासाठी वेगळं एनआरई, म्हणजे तिकडच्या कमाईचं खातं, उघडाच: व्याज करमुक्त, आणि पैसे कधीही परत तिकडे नेता येतात. आडत्याकडचे पैसे एनआरईत थेट भरता येत नाहीत. गावच्या पतसंस्थेत ही दोन्ही खाती निघत नाहीत, बँकच गाठा. घरखर्चासाठी वडिलांच्या नावे बँकेत मुखत्यारपत्र द्या. एटीएमचा पिन देऊन जाऊ नका. बँकेला दिलेलं सिम रोमिंगवर सुरू ठेवा, नाहीतर ओटीपीच येत नाही.